नवीन मशीनवर संसार थाटताना: आधी बोटांच्या सवयी, मग युटिलिट्या

गेल्या काही वर्षांत मी विंडोजवरून लिनक्सवर, लिनक्सवरून मॅकवर आणि तिथून परत विंडोजवर (यावेळी एआरएम चिपवालं, म्हणजे नेहमीच्या इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या जातीचा प्रोसेसर) असा फिरून आलोय. प्रत्येक वेळी कारण वेगळं होतं, कधी प्रोजेक्ट बदलला, कधी कंपनीने लॅपटॉपच बदलून दिला, एकदा तर निव्वळ माझी खाज. आणि पहिल्या वेळेला मी एक मोठी चूक केली. मशीन हातात आलं त्याच संध्याकाळी जुन्यावरच्या वीस-बावीस युटिलिट्या (छोटे मदतनीस प्रोग्राम) शोधशोधून नव्यावर टाकल्या, आणि आठवड्याने अशी अवस्था की कुठला शॉर्टकट कोण गिळतंय तेच कळेना, फॅन उगाच फिरतोय, आणि अर्ध्या गोष्टी सिस्टममध्ये आधीपासून होत्याच.

आता मी उलट्या क्रमाने जातो. तेच इथे लिहितोय. कुठली युटिलिटी भारी याची यादी नाहीये ही, तशा याद्या ढिगाने आहेत.

जुनं मशीन पुसायच्या आधी

सॉफ्टवेअरची यादी काढणं हे सगळ्यात सोपं काम आहे आणि लोक तेवढंच करतात. विंडोजवर विंगेट या सॉफ्टवेअर टाकायच्या साधनाची एक्सपोर्ट कमांड मारली की काय काय टाकलंय त्याची फाइल मिळते आणि नव्या मशीनवर इम्पोर्ट केली की बरंचसं आपोआप येतं. बरंचसं म्हणतोय, सगळं नाही, विंगेटला जे माहीत नाही ते त्या फाइलीत येत नाही, तसं ते एक्सपोर्ट करताना सांगतं पण आपण स्क्रीनवरचं वाचतो कुठे. मॅकवर होमब्रू (तिथलं तसंच साधन) वापरत असाल तर ब्रू बंडल डंप ही कमांड, डेबियन-उबुंटू या लिनक्सवर एपीटी-मार्क शोमॅन्युअल. झालं.

खरा घोळ होतो तो यादीत नसलेल्या गोष्टींचा. एसएसएचच्या (दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करायच्या) किल्ल्या लपलेल्या फोल्डरमध्ये असतात, होस्ट्स फाइलमध्ये कधीतरी घातलेल्या दोन ओळी, टास्क शेड्युलरमध्ये किंवा क्रॉनमध्ये (लिनक्स-मॅकवरचं तेच) रोज रात्री चालणारी एखादी स्क्रिप्ट जी आपणच लिहिली आणि विसरलो, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स, हाताने टाकलेले फॉन्ट, एडिटरचे स्निपेट, डेटाबेस क्लायंटमधली सेव्ह केलेली कनेक्शनं. मी कागद घेऊन बसतो आणि "काल दिवसभर काय काय उघडलं" हे सकाळपासून आठवत लिहितो. अर्धा तास जातो, पण पुढचे चार दिवस वाचतात.

आणि बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या ड्राइव्हला कुलूप लावणाऱ्या सोयीची, रिकव्हरी की. ही ४८ आकडी असते, आणि ती कुठे ठेवलीये हे तुम्हाला आत्ता, या क्षणी सांगता येत नसेल तर वाचणं थांबवा आणि आधी ती शोधा. माझी गोष्ट सांगतो. लिनक्स टाकायचं म्हणून मी बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीचीच सिस्टम चालू होऊ देणारा पहारा, बंद केलं, पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघितलं, छान चाललं, मग परत विंडोज चालू करायला गेलो तर निळी स्क्रीन, की द्या. बरोबरच आहे तिचं, बूटची व्यवस्था बदलली की टीपीएम ही किल्ल्या सांभाळणारी चिप किल्ली सोडत नाही, तेच तर तिचं काम. मी की जपून ठेवली होती, टेक्स्ट फाइलमध्ये, त्याच ड्राइव्हवर. तिजोरीची किल्ली तिजोरीत. सिक्युअर बूट परत चालू केल्यावर ते बिचारं गपगुमान उघडलं म्हणून वाचलो, नाहीतर हा लेख वेगळाच झाला असता. तेव्हापासून की कागदावर असते, आणि बायोसला हात लावायच्या आधी बिटलॉकर सस्पेंड करतो, दोन क्लिकचं काम आहे.

कुठल्या प्लॅटफॉर्मवर जायचं

यावर भांडणं खूप होतात, मी पडत नाही. पण काही गोष्टी आधी तपासा.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची एक वर्षाची सोय आहे, त्यानंतर नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर, त्यामुळे धडधाकट असलेली बरीच जुनी मशीनं बाहेर राहतात. अशा मशीनवर लिनक्स उत्तम चालतं. फक्त एकदम इन्स्टॉल करू नका. पेन ड्राइव्हवर व्हेंटॉय (आयएसओ फाइलींवरून थेट मशीन चालू करणारं साधन) टाका, त्यावर लिनक्सच्या दोन-तीन डिस्ट्रोच्या (प्रकारांच्या) आयएसओ फाइली नुसत्या कॉपी करा, आणि लाइव्ह सेशनमध्ये (इन्स्टॉल न करता, पेन ड्राइव्हवरूनच) तासभर काम करून बघा. वायफाय लागतंय का एवढंच बघून लोक खूश होतात, पण मी सांगतो ते बघा: झाकण बंद करा, पाच मिनिटांनी उघडा, मशीन जागं होतंय का. मग बाहेरचा मॉनिटर लावा, काढा, परत लावा. मग ब्लूटूथ हेडफोन लावून एक कॉल करा, माइक चालतो का ते बघा. माझ्या अनुभवात घोडं नेहमी या तीन ठिकाणीच पेंड खातं.

एआरएमवालं विंडोज घेत असाल तर साधी सॉफ्टवेअरं इम्युलेशनमध्ये (इंटेलसाठी बनलेलं एआरएमवर भाषांतर करून) चालून जातात, आणि बरी चालतात, फरक जाणवत नाही. पण ड्रायव्हर इम्युलेट होत नाहीत. कर्नलमध्ये, सिस्टमच्या गाभ्यात, जे जे घुसतं, म्हणजे जुना स्कॅनर, ऑफिसच्या नेटवर्कचा एखादा व्हीपीएन क्लायंट, काही अँटिव्हायरस, परीक्षेची सॉफ्टवेअरं, त्यांना एआरएमसाठीच बनवलेला ड्रायव्हर लागतो, तो नसेल तर नाही म्हणजे नाही. माझा एक जुना स्कॅनर असाच कपाटात गेला. मशीन घ्यायच्या आधी आपल्या वस्तूंच्या कंपन्यांच्या साइटवर जाऊन एआरएम६४ ड्रायव्हर आहे का ते बघा, मागाहून बघणं म्हणजे वरातीमागून घोडं.

मॅकवाल्यांनी एकच लक्षात ठेवा, इंटेलच्या मॅकसाठी टाहो (मॅकओएस २६) ही शेवटची आवृत्ती, आणि इंटेलची ॲप्स ॲपलच्या नव्या चिपवर चालवणारं रोझेटा हे मॅकओएस २७ पर्यंत पूर्ण मिळणार, पुढे फक्त काही जुन्या गेम्सपुरतं. म्हणजे तुमचं एखादं कामाचं ॲप अजून इंटेलचंच असेल तर त्याचा पर्याय आत्तापासून शोधायला घ्या. आणि जुन्या मॅकवरून नव्यावर आलात आणि स्क्रिप्टा फाटायला लागल्या तर आधी पाथ (फोल्डरचा पत्ता) बघा, होमब्रू इंटेलवर यूएसआर-लोकल मध्ये बसायचं, नव्या चिपवर ऑप्ट-होमब्रू मध्ये बसतं. माझ्या तीन स्क्रिप्टांमध्ये जुना पाथ ठोकून लिहिलेला होता, आणि लिहिणारा मीच.

पहिला आठवडा: काहीही टाकायचं नाही

ही माझी मुख्य गोष्ट. ब्राउझर, एडिटर, पासवर्ड मॅनेजर, कामाची दोन-चार ॲप्स एवढंच टाकायचं. बाकी युटिलिटी एकही नाही. त्याऐवजी कीबोर्डच्या शेजारी एक कागद ठेवायचा, आणि जेव्हा जेव्हा हात अडखळेल तेव्हा त्यावर लिहायचं, तेच परत झालं तर पुढे रेघ मारायची, किराणा मोजल्यासारख्या उभ्या रेघा, पाचवी आडवी.

मॅकवरच्या माझ्या पहिल्या आठवड्याचा कागद अजून आहे माझ्याकडे. सगळ्यात वर "होम-एंड", ३१ रेघा. विंडोजवर होम दाबलं की कर्सर ओळीच्या सुरुवातीला जातो, मॅकवर पानच एकदम वर उडतं, आणि कर्सर तिथेच राहतो, आपण कुठे होतो ते शोधत बसा. मग "एकाच ॲपच्या दोन खिडक्या", १८. कमांड-टॅब मॅकवर ॲप बदलतं, खिडकी नाही, खिडकीसाठी टॅबच्या वरचं ते तिरक्या टिंबाचं बटण कमांडसोबत दाबायचं. मग "फाइल कट होत नाही", ९. (फाइंडरमध्ये आधी कॉपी करायचं आणि पेस्ट करताना कमांड-ऑप्शन-व्ही दाबायचं, म्हणजे हलवली जाते. हे मला सहा दिवसांनी कळलं, एका ज्युनियर मुलीने सांगितलं, आणि ज्या नजरेने सांगितलं ते मी विसरलेलो नाही.) "एंटर दाबलं की फाइल उघडायच्या ऐवजी नाव बदलायला लागते", ७. आणि "क्लिपबोर्डची हिस्टरी", १४.

गंमत अशी की जुन्या मशीनवर माझी लाडकी असलेली एक युटिलिटी, डेस्कटॉपवर सिस्टमचे आकडे दाखवणारी, सीपीयू किती, मेमरी किती, तिच्यापुढे एकही रेघ नव्हती. आठवणसुद्धा आली नाही. ती मी परत कधी टाकलीच नाही.

आठवड्याने कागद वरपासून वाचायचा आणि प्रत्येक ओळीसाठी तीन प्रश्न, याच क्रमाने. सिस्टममध्ये हे आधीच आहे का? नसेल, तर मीच नवी सवय लावू शकतो का? तेही जमत नसेल तर मग युटिलिटी.

पहिल्या प्रश्नालाच अर्धा कागद संपतो. विंडोजवर क्लिपबोर्डची हिस्टरी २०१८ च्या अपडेटपासून आहे, विंडोज बटण आणि व्ही, पहिल्यांदा दाबलं की चालू करू का विचारतं. २५ गोष्टी लक्षात ठेवतं, रीस्टार्टला पुसतं, पिन केलेल्या राहतात. स्क्रीनशॉटला विंडोज-शिफ्ट-एस. खिडक्या लावायला विंडोज ११ वर विंडोज-झेड. मॅकवर खिडक्या कडेला चिकटवायची सोय २०२४ च्या सिक्वोयापासून आतच आली, क्लिपबोर्डची हिस्टरी टाहोमध्ये स्पॉटलाइटमध्ये आली, म्हणजे ज्या दोन गोष्टींसाठी लोक वर्षानुवर्षं वेगळी ॲप्स टाकायचे त्या आता घरच्याच. लिनक्सवर केडीई हा डेस्कटॉप असेल तर क्लिपर (त्याची क्लिपबोर्ड हिस्टरी) पहिल्यापासून असतो, नोम या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये नाही, तिथे एक्स्टेन्शन लागतं.

दुसरा प्रश्न जरा वादाचा आहे. काही लोक मॅकवर कॅराबिनर (बटणं बदलून देणारं ॲप) टाकून अख्खा कीबोर्ड विंडोजसारखा करून घेतात. दिवसातून दोन्ही मशीनं वापरत असाल तर मी समजू शकतो, नाहीतर करू नका. होम-एंडच्या ३१ रेघा दुसऱ्या आठवड्यात ११ वर आल्या आणि तिसऱ्यात कागदच लागला नाही, कमांड-बाण बोटात बसलं. आणि मुख्य म्हणजे दुसऱ्याच्या मशीनवर बसलो तरी हात चालतो. बटणं फिरवायचीच तर एकच फिरवा, कॅप्स लॉक, ते तसंही कोणाच्या बापाला लागत नाही, मी त्याचं कंट्रोल केलंय तिन्हीकडे.

मग ज्या टाकायच्या त्या

माझ्याकडे शेवटी चार उरतात. लाँचर (नाव टाइप करून ॲप उघडणारं), फाइल शोधणारं, क्लिपबोर्ड, आणि टेक्स्ट एक्सपांडर. लाँचरबद्दल फार बोलण्यासारखं नाही, मॅकवर स्पॉटलाइट पुरतं, विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमधलं घ्या, लिनक्सवर सुपर बटण दाबून टाइप करा.

फाइल शोधायला विंडोजवर एव्हरीथिंग. हे इतकं झटकन का शोधतं याचं लोकांना आश्चर्य वाटतं, त्यात जादू नाही, विंडोजच्या नेहमीच्या एनटीएफएस ड्राइव्हवर सगळ्या फाइलींच्या नोंदींचा एक मास्टर तक्ता असतो, ते फोल्डर फोल्डर फिरत बसत नाही, सरळ तो तक्ता वाचतं. पण म्हणूनच नेटवर्क ड्राइव्हवर ती जादू चालत नाही, तिथलं फोल्डर सेटिंगमध्ये जाऊन वेगळं जोडावं लागतं आणि ते सावकाश होतं. आणि ते नावाने शोधण्यासाठी आहे. फाइलीच्या आतला मजकूर शोधायचा तर रिपग्रेप, ते तिन्ही प्लॅटफॉर्मवर सारखंच चालतं, म्हणून मला जास्त प्रिय.

क्लिपबोर्ड मॅनेजर हे मात्र जपून वापरायचं प्रकरण. हिस्टरीत सगळं जातं म्हणजे सगळंच जातं. एकदा मी टीमच्या ग्रुपवर एक लिंक टाकत होतो, हिस्टरी उघडली, बाण खाली, एंटर, आणि ग्रुपवर पडला टेस्ट डेटाबेसचा पासवर्ड. एक घर खाली गेलो होतो. बावीस जणांनी बघितला, एकाने तर अंगठा पण दिला. तो पासवर्ड त्याच संध्याकाळी बदलला आणि मग सेटिंग नीट वाचल्या. तर हे करा: मॅनेजरमध्ये ॲप वगळायची सोय असते, तिथे पासवर्ड मॅनेजरचं नाव घाला. चांगले पासवर्ड मॅनेजर कॉपी करतानाच "हे हिस्टरीत ठेवू नको" अशी खूण सोबत लावतात आणि थोड्या वेळाने क्लिपबोर्ड पुसतात, तुमचा क्लिपबोर्ड मॅनेजर ती खूण पाळतो का ते एकदा खोटा पासवर्ड कॉपी करून तपासा. दोन मशीनींमध्ये क्लिपबोर्ड सिंक करायची सोय ऑफिसच्या मशीनवर बंद. आणि पेस्ट करताना शक्य तिथे कंट्रोल-शिफ्ट-व्ही, नुसता मजकूर येतो, फॉन्ट-रंगांचं लटांबर येत नाही.

टेक्स्ट एक्सपांडर, म्हणजे दोन अक्षरं टाइप केली की त्याचा पूर्ण मजकूर होतो ते. विंडोजवर ऑटोहॉटकी, तिन्हीकडे सारखं हवं असेल तर एस्पान्सो. माझा वेळ सगळ्यात जास्त यानेच वाचवला आणि सगळ्यात जास्त हसं पण यानेच केलं. सुरुवातीला मी आजच्या तारखेसाठी डी-टी ही दोनच अक्षरं ठेवली होती, कुठेही आली तरी बदलायची अशी सेटिंग. दिवसभर ठीक चाललं. मग संध्याकाळी एका पानाची स्टाइलशीट लिहायला बसलो आणि तिथे सारखा लागतो तो शब्द विड्थ. त्याचं इंग्रजी स्पेलिंग मनात लिहून बघा: डब्ल्यू, आय, डी, टी, एच. प्रत्येक वेळी डब्ल्यू-आय, मग अख्खी तारीख, मग बिचारा एकटा एच. मला आधी वाटलं कीबोर्डच बिघडला, मग वाटलं एडिटरचं काहीतरी, दुसरा एडिटर उघडला, तिथेही तेच. वीसेक मिनिटं गेली.

तेव्हा नियम: प्रत्येक शॉर्टफॉर्म सेमीकोलनने सुरू करा, सेमीकोलनला चिकटून अक्षर नेहमीच्या लिखाणात येत नाही. आणि शब्दाच्या मधोमध बदलू नये ही सेटिंग चालू ठेवा. एक्सपांडरमध्ये पासवर्ड ठेवू नका, त्याची फाइल साध्या मजकुराची असते. आणि टर्मिनलमध्ये एक्सपांडर बंदच, कारण स्निपेटमध्ये शेवटी एंटर असेल तर कमांड वाचायच्या आत चालते.

मराठी टायपिंग

हे वेगळं लिहितो कारण प्रत्येक प्लॅटफॉर्मवर इथे काहीतरी तुटतं आणि इंग्रजीतल्या गाइडमध्ये ते कधीच नसतं.

मॅकवर दुसऱ्या भाषेचा कीबोर्ड जोडला की भाषा बदलायला कंट्रोल-स्पेस लागतं. आणि बऱ्याच एडिटरमध्ये कोड पुरा करून द्यायचा शॉर्टकटही कंट्रोल-स्पेसच. म्हणजे तुम्ही कोडमध्ये मदत मागता आणि मशीन मराठीत जातं, पुढचं फंक्शनचं नाव देवनागरीत उमटतं. सिस्टमच्या कीबोर्ड शॉर्टकटमध्ये जाऊन इनपुट सोर्सचा शॉर्टकट दुसरा द्या, एडिटरचा नका बदलू. विंडोजवर विंडोज-स्पेस असतं त्यामुळे तिथे हा त्रास नाही, नोममध्ये सुपर-स्पेस.

लेआउट कुठला? विंडोजवर फोनेटिक (उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरं दाबायची) आहे आणि सुरुवातीला सोपं वाटतं, पण मी इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांचा प्रमाण लेआउट) शिकलो आणि त्याचं कारण हेच प्लॅटफॉर्म बदलणं. फोनेटिक प्रत्येकाचं आपापलं असतं, एकाचा ळ इथे तर दुसऱ्याचा तिथे, इनस्क्रिप्ट तिन्हीकडे जवळपास तेच. पंधरा-वीस दिवस शिव्या घालाल, नंतर नाही.

मशीन नीट लागलंय का हे बघायला मी एकच ओळ टाइप करतो: "वाऱ्यावरची तऱ्हा, शाळेतला ल, कॅमेऱ्याचा ॲ". यात चंद्रकोरीसारखा अर्धा र आहे, ॲ आहे, आणि मराठी वळणाचे श आणि ल आहेत, जे हिंदीच्या वळणापेक्षा वेगळे दिसतात. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात पण भाषा मराठी लावली असेल तरच मराठी वळण दिसतं. आणि त्या अर्ध्या र मध्ये एक गोम आहे: तो दोन प्रकारे लिहिला जातो, एक म्हणजे खाली टिंब असलेला ऱ आणि हलंत, दुसरा म्हणजे साधा र, हलंत आणि त्यापुढे एक न दिसणारं, जोडण्याचं काम करणारं चिन्ह. स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण शोधताना मशीनला ते वेगळे शब्द वाटतात. एका मशीनवर लिहिलेली नोट दुसऱ्यावर "दऱ्या" म्हणून शोधली आणि सापडली नाही तर फाइल हरवलेली नाही, कीबोर्ड बदललाय.

कामाचा कोड हलवताना

थोडक्यात, कारण हे प्रत्येकाचं वेगळं.

विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) वापरत असाल तर कोड लिनक्सच्या बाजूच्या होम फोल्डरमध्येच ठेवा. डब्ल्यूएसएल २ मध्ये खरा लिनक्स कर्नल एका छोट्या व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतो, त्यामुळे तिथून सी ड्राइव्हवरच्या फाइली वाचणं म्हणजे प्रत्येक फाइलीमागे वेस ओलांडणं. मी महिनाभर प्रोजेक्ट सी ड्राइव्हवर ठेवून गिट स्टेटस मारायचो आणि खिडकीबाहेर बघत बसायचो. फोल्डर हलवला, प्रश्न संपला.

ओळीचा शेवट विंडोजवर दोन अक्षरांचा, बाकीकडे एकाचा. विंडोजवर लिहिलेली शेल स्क्रिप्ट लिनक्सवर "बॅड इंटरप्रीटर" म्हणून ओरडली आणि पुढे टोपीवाला एम दिसला की तेच. रेपोमध्ये गिट-ॲट्रिब्यूट्सची फाइल ठेवून शेल स्क्रिप्टांना एलएफ (तो एका अक्षराचा शेवट) सक्तीचं करा, प्रत्येकाच्या मशीनच्या सेटिंगवर विसंबू नका. तसंच फाइलीच्या नावातलं लहान-मोठं अक्षर: विंडोज आणि मॅक दोघंही नेहमीच्या सेटिंगमध्ये फरक करत नाहीत, लिनक्स करतं, म्हणून "माझ्याकडे चालतंय" आणि सर्व्हरवर पडतंय.

लिनक्सवर वेलँड (खिडक्या दाखवणारी नवी व्यवस्था) असेल तर एक्सडूटूल वगैरेने बटणं दाबणाऱ्या तुमच्या जुन्या स्क्रिप्टा चालणार नाहीत, चूक तुमची नाही. जुन्या एक्स११ मध्ये कुठलंही ॲप दुसऱ्या ॲपमध्ये काय टाइप होतंय ते बघू शकायचं, वेलँडने ते मुद्दाम बंद केलं. वायडूटूल आहे, पण ते खालच्या थरावर काम करतं आणि त्याला परवानग्या जास्त लागतात, मी त्या स्क्रिप्टाच सोडून दिल्या.

विंडोज आणि लिनक्स एकाच मशीनवर ठेवलेत तर दोन गोष्टी होणारच. घड्याळ चुकेल, कारण विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं आणि लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), दोघांपैकी एकाला दुसऱ्याचं ऐकायला सांगा. आणि लिनक्समधून विंडोजचा ड्राइव्ह फक्त वाचता येईल, लिहिता येणार नाही, तर विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, ते चालू असताना बंद केलेलं विंडोज खरं तर अर्धवट झोपलेलं असतं.

जुनं मशीन कधी पुसायचं

मी पंधरा दिवस थांबतो. परत द्यायचं असेल तर तेवढी मुदत मागून घेतो, लोक देतात. या काळात जुनं मशीन उघडायचं नाही, नुसतं बाजूला ठेवायचं, आणि उघडावं लागलंच तर का उघडलं ते त्याच कागदाच्या मागे लिहायचं. मागच्या वेळी तीन नोंदी झाल्या. दुसऱ्या दिवशी एसएसएच कॉन्फिग, किल्ल्या आणल्या पण कॉन्फिग राहिलं. पाचव्या दिवशी एक फॉन्ट. आणि तेराव्या दिवशी, महिन्याच्या एक तारखेला, एक रिपोर्ट आला नाही म्हणून मेल आला. कोण पाठवतं हा रिपोर्ट म्हणून सगळे शोधत होते, मीही शोधत होतो. क्रॉनमध्ये होता, माझ्याच जुन्या लॅपटॉपवर, तीन वर्षांपूर्वी "तात्पुरता" म्हणून लावलेला.